अण्णांचं ग्राफिक कार्ड

प्रिय अण्णा,

जय भीम.

आज सकाळी काका केडगावहून टेम्पो घेऊन आले होते. कशाला? तुमचा कॉम्प्युटर न्यायला! तुम्ही गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन आठवडा झाला नाही, आणि "वहिनी, आता हे यंत्र कोन वापरनार? आपल्या वळखीचं गिऱ्हाईक हाय," म्हणत ते वायरी काढायला वाकलेसुद्धा. मी त्यांच्या हातातून प्लग ओढून घेतला. टेम्पो रिकामा परत गेला. काका रागावले, आई माझ्यावर रागावली, आणि मी चिडले आहे तुमच्यावर! समोर असतात तर तोंडावर भांडले असते. आता लिहूनच भांडते.

हा सगळा उद्योग तुमचाच होता की नाही, सांगा. हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यानंतर डॉक्टरांनी तुमचं गाडी चालवणं बंद केलं. लष्कराच्या डेपोत जन्मभर मोठाले ट्रक चालवलेला माणूस गेटजवळच्या टेबलाशी बसून पास तपासायला लागला. घरी आलात की भिंतीकडे बघत बसायचात. आई म्हणायची, "भांडा तरी माझ्याशी!" तेवढंही करायचा नाहीत.

मग एका संध्याकाळी तुम्ही मला कॉम्प्युटरच्या क्लासवरून न्यायला आलात. आमचे सर पडद्यावर मोटारींची शर्यत खेळत होते. तुम्ही दारात उभे राहिलात ते हललाच नाहीत. सरांनी शटर अर्धं खाली ओढलं तेव्हा भानावर आलात. वाटेत एकच वाक्य बोललात. "सुजे, असलं घरी बसवता येतं का गं?"

मला काय आनंद झाला होता! वाटलं, माझ्या डिप्लोम्यासाठी विचारताय. तयार कॉम्प्युटर आपल्याला झेपणारा नव्हता, म्हणून सुटे भाग आणून घरीच जोडायचं ठरलं. आणि तिथून तुम्ही माझा जीव खायला सुरुवात केलीत.

मी म्हणाले, रॅम वाढवूया, अभ्यासाला उपयोगी पडेल. तुम्ही म्हणालात, "रस्ता नीट दिसला पाह्यजे. ते चित्रं दाखवनारं कार्ड भारीतलं घे." मी म्हणाले, हार्ड डिस्क मोठी घेऊया. "मागं डिकी केवढी हाय त्याला काय करायचंय?" मी प्रोसेसरचे आकडे समजावून सांगायचे आणि तुम्ही विचारायचात, "चढाला दम तर न्हाई ना टाकनार?" अण्णा, कॉम्प्युटरला चढ नसतो हो!

मदरबोर्डाचं तर मी कधीच विसरणार नाही. ज्या पाटीवर बाकीचे सगळे भाग बसतात, ती पाटी निवडायची होती. नगरच्या दुकानात तुम्ही दोन बोर्ड दोन हातांत घेऊन वजन बघितलंत! आणि जड होता तो घेतलात. मी कानाशी लागून सांगत होते, "अण्णा, आपल्या कार्डाला लागते ती खाच याच्यावर आहे का, आधी विचारू द्या." दुकानदारासमोर तुम्ही म्हणालात, "चांगला दणकट हाय. तू गप."

गप बसले. पुण्याहून तुमच्या पसंतीचं कार्ड आलं. आपण खाटेवर चादर अंथरून सगळं जोडायला घेतलं. प्रोसेसर बसला, रॅम बसली, आणि कार्डाला जागाच नाही! तुम्ही ते उलटं धरलंत, आडवं धरलंत, शेवटी अंगठ्यानं दाबायला लागलात. मी ओरडले, "अण्णा, मोडेल! नाही बसत ते. त्याची खाचच नाही या बोर्डावर!" आई चुलीपाशी बसल्याबसल्या म्हणाली, "झालं? हत्ती आनला, आन दार बघितलंच न्हाई!"

नगरच्या दुकानदारानं बोर्ड परत घ्यायला साफ नकार दिला. माझी परीक्षा तोंडावर आलेली. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, साधं कार्ड घेऊ, अभ्यास तर होईल! पण नाही. तुमचा हट्ट. "कार्ड हेच ऱ्हानार. बोर्ड बदलू." तो जड बोर्ड तुम्ही डेपोतल्या कुणाला तरी गळ्यात मारलात आणि आपण एसटीनं थेट पुण्याला निघालो.

त्या दिवसाचाच मला सगळ्यात जास्त राग आहे, अण्णा.

दुकान तिसऱ्या मजल्यावर होतं. पहिल्या जिन्यापाशी तुम्ही थांबलात. "तू हो वर. चपलेचा अंगठा सैल झालाय, बघतो." मी वर गेले. या वेळी खाच नीट बघून घेतली, चार प्रश्न विचारले, बोर्ड बांधून घेतला. तरी तुमचा पत्ता नाही. खाली येऊन बघते तर तुम्ही पायरीवर बसलेले, कपाळावर घाम. "ऊन लई हाय," म्हणालात. आणि माझ्या हातातलं खोकं घेऊन पुढं चालायला लागलात!

घरी आल्यावर मशीन चालू झालं. त्यातल्या पंख्याची जरा खरखर आली तर तुम्ही लगेच कॅबिनेट उघडायला लावलंत. "आवाज आला की थांबायचं, बघायचं. न्हाई तर पुढं सगळं जळतं." हे मला शिकवत होतात. मला! आणि खिशात जिभेखाली धरायच्या गोळ्यांची पट्टी बाळगत होतात. ती आम्हाला दवाखान्यात सापडली, तुमचा शर्ट काढताना. जवळजवळ संपली होती. डॉक्टरांनी विचारलं, "यांना परत कधीपासून दुखत होतं?" मी आईकडे बघितलं, आईनं माझ्याकडे. आम्ही रोज विचारायचो, तुम्ही रोज म्हणायचात, "काय न्हाई."

का हो असं? एक शब्द सांगायला काय झालं होतं?

आणि ज्याच्यासाठी एवढं केलंत, त्या शर्यतीत केलंत काय? पहिल्या दिवशी खुर्ची ओढून बसलात, चष्मा पुसलात आणि मला विचारलंत, "हॉर्नचं बटन कंचं?" मी म्हटलं, यात हॉर्न नसतो. "बिनहॉर्नची गाडी रस्त्याव काढत्यात व्हय?" मग निघालात. डावी बाजू धरून, सावकाश. सगळ्या गाड्या तुम्हाला मागं टाकून सुसाट गेल्या. मी मागून ओरडतेय, "अण्णा, शर्यत आहे ही! वेग वाढवा!" तुम्ही वळणावर अख्ख्या अंगानं कलत होतात, आणि म्हणालात, "जाऊ दे त्यांला. डोंगर बघ की किती भारी दिसतोय!" रोज शेवटचा नंबर. रोज तेवढेच खूश. एवढ्या भारी कार्डावर बैलगाडीच्या चालीनं! मला हसू यायचं नाही तेव्हा, चीड यायची. माझा अभ्यासाचा तास जायचा ना!

आता दुपारचं ऐका. काका गेल्यावर आई भांडी घासायला बसली. भांडी घासून झाली, पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "लाव ते. काय बघत बसायचे ते, मला बघू दे."

मी लावलं. तिला खुर्चीत बसवलं, बटणं दाखवली. म्हणाली, "जन्म गेला ह्यांचा गाडीत, पन मला एकदा पुढं बसवलं न्हाई. सरकारी गाडी, सरकारी गाडी!" आणि तिनं बटण दाबलं ते सोडलंच नाही. अण्णा, काय पळवली हो गाडी! वळण आलं तरी कमी नाही. कठड्यावर आपटली, उलटी झाली, परत रस्त्यावर आली, की आई पुन्हा सुसाट. पदर तोंडाला लावून हसत होती. आणि हसता हसता एकदम रडायला लागली. तुम्ही गेल्यापासून ती रडली नव्हती, अण्णा. मी खेळ थांबवला नाही. तिनंही बोट काढलं नाही.

थोड्या वेळानं म्हणाली, "डोकं जरा गरगरतंय." मी विचारलं, कधीपासून? झटक्यात डोळे पुसले तिनं. "काय न्हाई गं."

तुमचंच वाक्य! त्याच आवाजात!

कॉम्प्युटर मी विकू देणार नाही, ते तर झालंच. पण तुम्हाला शब्द देते तो दुसरा आहे. उद्या सकाळी आईला दवाखान्यात नेते आहे. ती नाही म्हणेल, चिडेल, स्वयंपाक राहिलाय म्हणेल. मी हलणार नाही. या घरात "काय न्हाई" हे उत्तर यापुढं मी कुणाचंच ऐकून घेणार नाही.

तुमच्यावर अजून रागावलेली,
सुजाता