मांडवावरचे तीन चेहरे

जेनोवा, इटली

लिगायाताई,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईला तेवढंच सांग. मनिलाचं तिकीट काढलं असतं तर ही नोकरी गेली असती, हे तिला पटलं का?

फोनवर बाबांचं अंत्यदर्शन झालं. शवपेटीवरच्या मांडवाच्या कापडावर छापलेले मेयर आल्मोन्तेरो, त्यांचे वडील आणि मुलगा, तिघेही हसत होते. तू म्हणालीस, "फुकट मिळाला गं. लोकांना काय उन्हात बसवू?" तुझंही खरं आहे. पण बाबांच्या छातीत कळ आली तेव्हा हेच चेहरे रंगवलेली रुग्णवाहिका प्रचारफेरीत फिरत होती, हेही तूच सांगितलंस.

परवा मी सांभाळते त्या आजोबांना धाप लागली. लगेच गाडी आली. तिच्यावर कुणाचाच चेहरा नव्हता. आजोबा वाचले. त्यांची मुलगी माझा हात धरून रडली. मला रडू आलं नाही.

आईच्या पायाची सूज उतरली का?

तुझ्या नवऱ्याची, क्रिसान्तोची नगरपालिकेतली नोकरी टिकायला हवी, म्हणून मेयरच्या माणसांशी भांडू नकोस. फक्त चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला तो मांडव मागू नकोस. बाबांच्या आंब्याखाली बसा. सावली अपुरी पडणार नाही. माझी जागा तशीही रिकामीच आहे.

आईला जपणाऱ्या तुला,
दुरून जीव लावणारी
पेर्ला