मलंगगडासमोरचं घर

भावेश, आशीर्वाद आहेच.

पुण्याला येणार नाही म्हणजे नाही. इथं अंबरनाथला काय ठेवलंय? ऐक मग. दारातनं मलंगगडाचे सुळके दिसतात. वालधुनीच्या काठी हजार वर्षांचं शंकराचं देऊळ आहे, डोंगरातल्या काळ्या दगडाचं. बाकीच्या देवांना चढून भेटायचं, आपल्या शंकराला गाभाऱ्यात पायऱ्या उतरून. एवढे पावसाळे गेले, देऊळ उभं आहे. तुझ्या नव्या बिल्डिंगचं प्लास्टर दोन वर्षांत पडलं, तूच फोनवर म्हणालास.

शेजारच्या विनिताला मी सांगून ठेवलंय, "पोरगा सारखा बोलावतो, मीच जात नाही." तू एकदाही ये म्हणाला नाहीस, हे तिला कशाला कळायला पाहिजे?

हे पत्र पेटीत टाकणार नाही. याच्यावर आणखी एक शब्द बोलणार नाही.

आई