मागच्या खोलीतल्या रीडबाबत

मी खाली सही करणारा, वय एकाहत्तर, वाद्यवृंदातून निवृत्त सॅक्सोफोनवादक, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे. पत्नीचे दडपण लग्नापासून आहे. ते कायद्याने धरू नये. छाती कामातून गेली आहे आणि डॉक्टरांनी आडपडदा ठेवलेला नाही.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नीला, तिच्या पश्चात मुलीला.

२. सॅक्सोफोन विकावा, पण धाकट्या भावाला नाही. तो हॉटेलात वाजवतो, मऊ रीड लावतो आणि माझ्या वादनाला 'शोकसभा' म्हणतो. एकदा माउथपीस उसना नेला, तो दातांचे व्रण घेऊन परत आला. त्याला माझा काळा टाय द्यावा.

३. रीड म्हणजे फुंकरीने थरथरणारी बोरूची पट्टी. डबीभर घेतल्या तर कामाच्या एकदोन निघतात. शास्त्रीय वादनाला आवाज गोल लागतो, पण वाजवणाऱ्याच्या कानाला जी गोड वाटते ती मागच्या रांगेत चिरकते. म्हणून दर शनिवारी मी मागच्या खोलीत एकेक रीड लावून लांब सूर धरायचो आणि पत्नी दार लोटून पुढच्या खोलीत बसायची. मी दारात गेलो की निकाल. "अहो, ही पत्रा वाजवल्यासारखी वाजते, टाका." नोकरीभर मी तिच्या कानांच्या जिवावर जेवलो.

४. गेल्या वर्षी एका शनिवारी फुंकरच पुरली नाही. सूर निघालाच नाही. तसे सांगायला दारात गेलो, तर मी तोंड उघडण्याआधी ती म्हणाली, "हीच! काय गोल लागलीय. ठेवा." समोरचे बोलणे ती ओठांवरून ओळखत आली असणार. केव्हापासून, देव जाणे. मी ती रीड डबीत ठेवली. तेव्हापासून दर शनिवारी मी रीड ओली करून लावतो, न फुंकता बसतो आणि दारात जातो. एखादी ती नाकारतेही. मग मी खरोखर दुसरी लावतो.

५. मुलगी म्हणाली, "बाबा, कानाचं यंत्र आणू या. हे नाटक कशाला?" यंत्र लावले तर मागे काहीच वाजत नाही हे तिला कळेल. माझ्यानंतर खुशाल आणावे.

६. माझ्यानंतर शनिवारी तिचे मत विचारायला कोणी यावे, ते येथे लिहायचे होते. ज्याला वाजवता येते तो पहिल्याच दिवशी ओळखेल. ज्याला येत नाही तो आलाच कशाला, असे ती विचारेल. वकील म्हणाले, "साहेब, रिकामं कलम ठेवता येत नाही, काढा." मला कोणी सुचले नाही. रिकामेच ठेवले आहे.

७. पत्नीला फक्त पहिले कलम वेगळ्या कागदावर लिहून द्यावे. हा कागद तिच्या हाती जाऊ नये. नियमाप्रमाणे वाचून दाखवावाच लागला, तर वकिलांनी खिडकीकडे तोंड करून मोठ्याने वाचावा. ती मान डोलावेल.

सही
ठिकाण: राहते घर. दिनांक: नऊ मार्च.

साक्षीदार (मजकूर न वाचता, सही होताना पाहिली):
१. वाद्यदुरुस्तीवाले
२. खालच्या मजल्यावरचे शिंपी