आधी सांगणारी गाडी

४ मे, रविवार

ठरलं! गाडी घ्यायची. मोठी, उंच — पाच माणसं आणि पाचांचं सामान एका वेळी मावेल अशी. आणि तीही महिन्याच्या आत. एक जूनला थोरलीला डोंगरावरच्या कॉलेजात सोडायचंय. दोन ट्रंका, तिची सायकल, आणि सोबत सगळं घर. सगळं घर म्हणजे मीसुद्धा!

आत्ताच्या सतरा वर्षांच्या गाडीत, आमच्या छोटीत, सामानासकट चारच माणसं बसतात. राहणारी पाचवी नेहमी मी. 'तू थांबतेस ना गं? घराकडे कुणीतरी हवंच.' की मी आपली फाटकात उभी राहून हात हलवते. आज जेवताना सांगून टाकलं — या वेळी मी थांबणार नाही. लेक पहिल्यांदा घर सोडून चाललीय, तिची खोली मला माझ्या हाताने लावून द्यायचीय. वाटलं होतं नवरा कुरकुर करेल. पण तो नुसतं "बरं, मोठी घेऊ" म्हणाला आणि ताटातलं संपवायला लागला. इतक्या लवकर हा माणूस कशालाच बरं म्हणत नाही.

६ मे, मंगळवार

नवरा गॅरेजवाला म्हणजे गाडी निवडणं सोपं, असा माझा समज होता. कसलं काय! याला प्रत्येक गाडीचा आजार तोंडपाठ. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि दुखणं सांगायचं, म्हणून सगळा बाजार याला वैद्य म्हणतो. आता मीही म्हणते. तर आमचे वैद्य आज प्रत्येक नावावर फुली मारत बसले होते. हिचा गिअर तिसऱ्या वर्षी अडतो. तिला चढ सोसत नाही. ती देखणी आहे, पण मुकी.

"मुकी म्हणजे?"

"काही सांगत नाही. छान चालते, छान चालते, आणि एक दिवस रस्त्यात बसते."

थोरलीने तक्ता केलाय, अकरा रकाने. धाकट्याचा रकाना एकच — छताला खिडकी आहे का? सासूबाईंचाही एकच. पायरी किती उंच? त्यांचे गुडघे. "नाकापेक्षा मोती जड नको हो," म्हणाल्या, आणि लगेच, "पण रंग चांगला बघा."

लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून — म्हण करणाऱ्यांनी गाडी घेतली नव्हती वाटतं.

७ मे, बुधवार

दवाखान्यात आमच्या दंतवैद्यबाईंना सांगितलं. मी आता कुठे पेशंटच्या वेळा लावायला बसले होते, तर बाई रुग्णाला तसंच आ वासून ठेवून दाराशी आल्या. "मोठीच घ्या हं. आणि पांढरी घ्या." खुर्चीवरच्या गृहस्थांनीही आ तसाच ठेवून काहीतरी सल्ला दिला. कळला नाही, पण मान डोलावली. एक मात्र बाई खरं बोलल्या. "लोक दात किडल्यावर येत नाहीत, ठणकायला लागल्यावर येतात. गाड्यांचंही तुमच्या यजमानांकडे तसंच असेल."

१० मे, शनिवार

आज पांढरी पाहिली. पण लिहायचंय ते वेगळंच — मी चालवली! मी!

शोरूममधल्या बाईंनी किल्ली वैद्यापुढे धरली. त्याने ती घेऊन माझ्या हातात दिली. "तू बस. मागच्या चाकांचा आवाज मला मागून ऐकायचाय." लायसन्स आहे, पण एकोणीस वर्षांपूर्वी गॅरेजातली एका गिऱ्हाइकाची गाडी मी खांबावर घातली होती, तेव्हापासून स्टेअरिंगला हात लावलेला नाही. तो त्यावरून कधी एक शब्द बोलला नाही. म्हणूनच जास्त लागलं होतं.

"मला नाही जमणार."

"हळू चालव. मला हळूच हवीय."

दोन किलोमीटर! तो मागे डोळे मिटून बसला होता, थोरली शेजारी तक्ता भरत होती. गाडी एकदा बंद पडली. मागचा गाडीवाला भोंगा मारून मारून थकला. पण परत आणली आणि सरळ रेषेत लावली. पांढरी नापास झाली. मागचं बेअरिंग रडतंय म्हणे, नव्या गाडीचं! मी पास.

११ मे, रविवार

दंड दुखतायत. स्टेअरिंग किती घट्ट धरलं होतं!

१४ मे, बुधवार

निळी. हाय, काय गाडी आहे! सासूबाई कुणाचा हात न धरता चढल्या आणि पुढच्या सीटवर अशा बसल्या की उतरायलाच तयार नाहीत. मी शिवणाची टेप नेली होती. मागची सीट पाडली की दोन ट्रंका आडव्या बसतात, वर सायकल. छताला खिडकी. धाकटा त्यातून डोकं बाहेर काढून सगळ्या शोरूमला रामराम करत होता. आजही मीच चालवली. आज बंद पडली नाही!

आणि घरी आल्यावर वैद्य म्हणतो, नको. का? तर मुकी आहे.

धाकटा न जेवता झोपायला गेला. मीही तोंड फुगवलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं म्हटलंसुद्धा. सासूबाई मुलाच्या बाजूने काही बोलल्या नाहीत, यावरून काय ते समजा.

१५ मे, गुरुवार

मजाच झाली. वैद्याने आज गॅरेजातून गाडी मागे घेताना तिची बाजू खांबाला घासली. त्याच खांबाला! "खांब दिसला नाही," म्हणाला. मी म्हटलं, "चला, एकोणीस वर्षांनी फिटंफाट झाली." मला वाटलं हसेल. हसला नाही. कालचा निळीचा राग असेल.

१९ मे, सोमवार

दवाखान्यातून परस्पर गॅरेजात बोलावलं. तिथे एक राखाडी गाडी उभी, एका औषधविक्रेत्याची. सात वर्षांची, पृथ्वीला पाच फेऱ्या होतील इतकी पळालेली. वैद्याने स्क्रू-ड्रायव्हरची मूठ माझ्या कानाला लावली. लग्नाला वीस वर्षं झाली, पहिल्यांदाच!

"काय ऐकू येतंय?"

घरघर. आणि त्याच्या मागे बारीक शिट्टी, चहाच्या किटलीसारखी.

"तो पट्टा. अजून दोन महिने तुटणार नाही, पण आतापासून सांगतेय. ब्रेक झिजले की ही किणकिणते. तेल कमी झालं की खोकते. मालकाला काही कळत नाही, तरी एकदा रस्त्यात बसली नाही." मग हात पुसत म्हणाला, "भरवशाची गाडी म्हणजे न बिघडणारी नव्हे. तशी नसतेच. बिघडायच्या आधी सांगते ती भरवशाची. तू चालव, मी शेजारी बसून ऐकेन."

इतकं सलग तो लग्नानंतर आजच बोलला असेल. माझा निळीचा राग तिथेच संपला. हीच घ्यायची. नवी, राखाडीच. छताला खिडकी नाही, धाकट्याला पुढची सीट कबूल केलीय — परतीच्या वाटेवर, अर्धा तास.

२४ मे, शनिवार

पाच दिवस रोज सकाळी छोटीवर सराव. बाजार, चढ, चढावर थांबून पुन्हा निघणं, उलटी घेणं. वैद्य शेजारी. आरडाओरडा नाही, दाराची कडी धरून बसणं नाही. "दुसऱ्यावर टाक. ऐक, ती मागतेय." आणि खरंच, आता मला ऐकू येतं ती कधी मागते ते!

माझ्या लायसन्सची मुदत संपत आलेली. नवं करून आणलं. डोळे तपासले, खालची ओळ घडाघडा वाचली. "तुझंही यंदाच आहे ना? करून टाक हातासरशी," म्हटलं. तो बाहेर बाकावर बसून राहिला. माझं नंतर बघू, म्हणाला. आळशी.

दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं की मी गाडी चालवते. दोघांना दोनदा सांगितलं बहुतेक.

२८ मे, बुधवार

आली! दारात उभी आहे. आत्तासुद्धा खिडकीतून पाहून आले.

कागदावर मालक म्हणून माझं नाव. मी म्हटलं हे काय? तर म्हणे, "चालवणारीचं नको का?" शोरूमच्या बाई हसल्या. माझे डोळे भरून आले, तेही हसता हसता. सासूबाईंनी चारही दारं उघडून लावून पाहिली. शेजारच्या काकूंना एक चक्कर मारून आणलं, कोपऱ्यावरच्या न्हाव्याने कात्री धरलेला हात हलवला. आजवर फाटकातून सगळ्यांना मीच हात हलवत आले!

एक जूनला सपाटीवर मी चालवेन आणि घाटात वैद्य. मीच परस्पर ठरवलंय.

१ जून, रविवार

वसतिगृहाच्या पाहुण्यांच्या खोलीत लिहितेय. लेकीची खोली लावून दिली.

घाटाच्या पायथ्याशी चहाला थांबलो. बाकीचे आत गेले. मी किल्ली पुढे केली, "इथून तू." त्याने हात पुढे केला नाही.

"मला समोरचं दिसतं. बाजूचं नाही. दीड वर्ष डोळ्यांत औषध घालतोय, पण गेलेली नजर परत येत नाही. एप्रिलअखेर डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं."

इतका राग आला! गाडी हवी आधी सांगणारी, आणि स्वतः? "मुका आहेस तू," म्हटलं. "मुका!" तो खाली बघत म्हणाला, "आधी सांगितलं असतं तर रडत शिकली असतीस."

रडले ते तिथेच, गाडीच्या आडोशाला. मग तोंड धुतलं आणि घाट मीच चढवला, पाचही जणांना घेऊन. तो शेजारी बसला होता. दर वळणाला विचारायचा, "डावीकडे काय आहे?" मी सांगत होते — दरी आहे. कठडा आहे. एक म्हातारी काठी टेकत चाललीय, तिच्यापासून लांबून घेतेय.