चमकलं नाही

४ मार्च
हिचं रेडिएशन आज संपलं. मी आजपासून काळजी बंद केली आहे. घरात एक तरी माणूस शांत डोक्याचा हवा. तो मीच. रात्री झोप नाही, पण ते चहामुळे. चहा कमी करायचा.

८ मार्च
डॉक्टरबाईंनी नव्या प्रकारचा स्कॅन करायला सांगितलं. पूर्वी सुई खुपसून छातीतल्या गाठीचा तुकडा काढावा लागायचा. आता ते नको. शिरेतून औषध देतात. ते मरणाऱ्या पेशींना जाऊन चिकटतं आणि त्या पडद्यावर दिसतात. रेडिएशन लागू पडलं की नाही, ते लगेच समजतं. पुढचं मी ऐकलं नाही. उभं आयुष्य फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये काढलं. मला चित्र वाचायला कोणी शिकवू नये. पहिल्या स्कॅनमध्ये गाठ दिव्यासारखी पेटलेली होती. चमकतं ते वाईट. विषय संपला.
बाहेर आल्यावर ही म्हणाली, नीट ऐकलंत ना सगळं? म्हटलं, तू घाबरू नकोस. म्हणाली, मी कुठे घाबरतेय, माझ्या पर्सचा पट्टा तुम्ही चावताय.

११ मार्च, सकाळ
स्कॅन. ही आत, मी बाकावर. नियम: इंटरनेटवर आजार शोधायचा नाही. काटेकोर पाळला. मोबाइल घरी राहिला होता.

११ मार्च, दुपार
टेक्निशियनच्या खोलीचं दार उघडं होतं. सहज डोकावलो. पडद्यावर छाती. जिथे दिवा होता तिथे काळोख. ठिपकासुद्धा नाही. विचारलं, काहीच चमकत नाही ना? तो म्हणाला, नाही काका, पण तुम्ही डॉक्टरांशीच बोला. त्याचा चेहरा उतरला होता. या लोकांना ड्यूटी फार पडते.
ही कपडे बदलून आली. कॉरिडॉरमध्येच सांगितलं, काळं आहे, सगळं काळं! तिने माझी कॉलर सरळ केली. मग म्हणाली, शर्टाची बटणं वरखाली लागलीत. आनंदाने तिला काही सुचेना.

१२ मार्च
मेहुण्याला फोन. तो मूळचाच शंकेखोर. म्हणाला, भाऊजी, रिपोर्ट आला का? म्हटलं, लिहिणारे लिहितील, मी डोळ्यांनी पाहिलंय. गाठ विझली. मग फोन हिने घेतला, आतल्या खोलीत गेली, दार लावलं. बराच वेळ. बहीण-भावाचं साठलं असेल.
चहा कमी झालेला नाही. तरी काल झोप लागली. थेट उजाडेपर्यंत.

१४ मार्च
ठरवलं: गॅलरीला रंग द्यायचा. मे महिन्यात चार दिवस डोंगरात जायचं. हिला सांगितलं. म्हणाली, बघू. नेहमीचंच. सगळं मलाच ठरवावं लागतं.
पुन्हा गाढ झोप. ही म्हणते, भिंत हलते तुमच्या घोरण्याने. कुरकुर करायला लागली, म्हणजे बरी होतेय.

१६ मार्च
डॉक्टरबाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. म्हणाल्या, इथे उजेड दिसायला हवा होता. या स्कॅनमध्ये मरणाऱ्या पेशी चमकतात. चमकलं नाही, म्हणजे मेल्या नाहीत. रेडिएशन लागू पडलेलं नाही. पुढच्या आठवड्यापासून दुसरं औषध सुरू करू.
मी विचारलं, मशीन बिघडलं असेल का? म्हणाल्या, नाही. मी म्हटलं, पण मी स्वतः पाहिलं. ही म्हणाली, अहो, त्यांना बोलू द्या. पुढचे सगळे प्रश्न हिनेच विचारले. किती दिवस, केस जातील का, उपयोग न झाल्यास काय. मी पाण्याची बाटली धरून बसलो होतो.

१६ मार्च, संध्याकाळ
विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली, तुम्ही कॉरिडॉरमध्ये नाचत आलात तेव्हाच. बाई समजावत होत्या त्या दिवशी मी ऐकत होते.
मग बोलली का नाहीस?
म्हणाली, महिनाभर तुमचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. मी मनात म्हटलं, रिपोर्ट येईपर्यंत तरी यांना झोपू दे.
ती उठली, दिवा लावला, भाजी चिरायला बसली.
तिच्या त्या रात्री कशा गेल्या, ते विचारलं नाही. उद्या नक्की विचारायचं.