सर्व्हेची खुर्ची

४ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमशी बोललो. यापुढे माझ्या आयुष्याचे दोन भाग धरावेत: व्याख्यानाआधीचा आणि नंतरचा.

लोक घरात कसे राहतात आणि घर बदललं की माणसं कशी बदलतात, यावर मॅडमनी तीस वर्षं संशोधन केलंय. चार पुस्तकं, वास्तुकला विभागात स्वतंत्र खोली, दारावर नावाची पाटी. व्याख्यान संपल्यावर गर्दीतून पुढे जाऊन मी त्यांना सहाव्या स्लाइडवरची शुद्धलेखनाची चूक दाखवली. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. प्रभाव पडला.

त्यांना संशोधन सहायक हवा आहे. पदवी लागते. मी सांगितलं की माझी दोन वर्षं पूर्ण आहेत, तिसऱ्या वर्षाबाबत कॉलेजचे आणि माझे मतभेद आहेत. त्या म्हणाल्या, तुमच्याच इमारतीतल्या बैठकीच्या खोल्या बघून लिहा, मार्चअखेर मी येते, मग बघू. 'मग बघू' म्हणजे जवळजवळ हो.

एकच सूचना दिली. आधी न सांगता जायचं आणि दार उघडल्यावर दिसेल ते लिहायचं.

घरी सांगितलं. दादा म्हणाला, मार्चअखेरपर्यंत काय दिवे लावायचे ते लाव, एक एप्रिलपासून मित्राच्या टाइल्सच्या दुकानात उभं राहायचं, मी शब्द दिलाय. वहिनी म्हणाली, लागेल हो भाऊजींचं कुठेतरी. दादा म्हणाला, तीन वर्षं हेच ऐकतोय. टाइल्स विकणाऱ्यांशी वाद घालायची माझी पायरी राहिलेली नाही.

हे निळ्या खुर्चीत बसून लिहितोय. घरात पाठ टेकायला हीच एक जागा. बंद पडलेल्या हॉटेलच्या सामानातून दादाने आणलेली. तिचा डावा हात इस्त्रीने भाजलेला आहे. (व्याख्यानाच्या घाईत शर्टाला तिथेच इस्त्री केली. आमची इस्त्री फार तापते.) पुढचा एक पाय जरा आखूड आहे. पुस्तकावरचा माझा फोटो याच खुर्चीत काढायचा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

न सांगता गेलो.

पहिलं घर तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंचं. दार उघडलं. खोलीभर गिऱ्हाइकांचे कपडे, भिंतीला टेकवलेली गादी, आणि त्या सगळ्यात बनियनवर झोपलेले काका. मी उंबऱ्यावरच लिहायला लागलो: 'बसण्यास जागा नाही.' काकूंनी ते उलट्या बाजूने वाचलं. म्हणाल्या, मेल्या, आधी सांगून येता येत नाही? तुझी आई असती तर कान पिळून घरी नेलं असतं तुला. दार आपटलं. टेप त्यांच्या गळ्यातच होती, नाहीतर मारली असती.

चौथ्या मजल्यावरच्या चष्मेवाल्या काकांनी साखळी न काढता फटीतून माझ्याकडे पाहिलं. या माणसाचं चष्म्याचं दुकान आहे, तरी त्याला मी ओळखू आलो नाही.

संध्याकाळी सगळ्या बायका वहिनीकडे तक्रार घेऊन आल्या. वहिनी जिन्यात उभी राहून बराच वेळ बोलत होती. शेवटी हसण्याचे आवाज आले. बायकांना गांभीर्य नसतं.

निष्कर्ष: मॅडमची पद्धत अशास्त्रीय आहे. माणसाला नैसर्गिक व्हायला थोडा वेळ द्यावा लागतो.

८ फेब्रुवारी

फलकावर नोटीस लावली. कोणाकडे कोणत्या दिवशी किती वाजता, सगळं व्यवस्थित. अक्षर सुरेख आलं. शेजारी पाण्याच्या टाकीची नोटीस होती, तिच्यातल्या चुका लाल पेनने दुरुस्त केल्या. सोसायटीचे सेक्रेटरी विचारत फिरत होते की हा आगाऊपणा कोणाचा. आभार मानायची ही पद्धत झाली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी उठलो तर खुर्ची नाही. वहिनी म्हणाली, पाय बसवायला दिलीय, सुतार वेळ लावतो. ऐन संशोधनात! स्टुलावर बसून लिहिलं. पाठ दुखते.

दुपारी काकूंकडे गेलो. काय फरक! कपड्यांचा ढीग नाही, गादी नाही, काका शर्टात आणि जागे. मधोमध निळी खुर्ची. डाव्या हातावर पांढरा भरतकामाचा रुमाल. काकू म्हणाल्या, बसा ना, खास तुमच्यासाठी. मागच्या आठवड्यात 'मेल्या', या आठवड्यात 'बसा ना'. एका नोटिशीचा हा परिणाम. मॅडमना कळवायला हवं.

खुर्ची आमच्यासारखीच होती. त्या हॉटेलचं सामान बऱ्याच जणांनी उचललेलं दिसतं.

१९ फेब्रुवारी

चष्मेवाल्या काकांकडे दहा मिनिटं लवकर पोचलो. त्यांनी मला बाहेरच उभं केलं. आतून काहीतरी जड ओढल्याचा आवाज, मग कोणाचं तरी बोट चेमटल्याचा. मग दार उघडलं. निळी खुर्ची! तीही तशीच, डाव्या हातावर रुमाल. मी बसलो. काका उभेच राहिले, धापा टाकत. वय झालं की माणसाने चष्म्याबरोबर तब्येतीकडेही लक्ष द्यावं.

वॉचमनची पाठ धरलीय. दिवसभर बसून असतो, धरणारच.

२६ फेब्रुवारी

पाच घरं झाली. पाचही घरांत निळी खुर्ची. पाचही रुमाल डाव्या हातावर.

मॅडमना तीस वर्षांत जे सापडलं नाही ते मला तीन आठवड्यांत सापडलं. लोकांना वाटतं आपण आपल्या आवडीने घर सजवतो. कुठली आवड! सगळी इमारत एकाच साच्यातून निघालीय. याला 'निळ्या खुर्चीचा सिद्धांत' म्हणायचं. पुस्तकाचं नाव ठरलं, अर्पणपत्रिकाही लिहून झाली. दादाचं नाव घालणार नव्हतो, पण शेवटी घातलं. मोठेपण अंगी आलं की मन मोठं होतंच.

काही घरांच्या भिंतींवर मोठे फिके चौकोन दिसतात, वस्तू नुकत्याच हलवल्यासारखे. खोल्यांच्या कोपऱ्यांत चादरीखाली झाकलेलं काहीतरी असतं. ते सिद्धांतात बसत नाही, म्हणून लिहिलं नाही.

आमची खुर्ची अजून सुताराकडेच. वहिनीला म्हटलं, अशा सुताराला पुन्हा काम देऊ नको. ती म्हणाली, बरं भाऊजी. आणि तोंडाला पदर लावून आत गेली. खोकला झाला असावा.

५ मार्च, बुधवार

गंभीर बाब. आज दुसऱ्या मजल्यावर खुर्चीत बसलो असता डावीकडे झुकल्यासारखं झालं. आठवून पाहिलं: प्रत्येक घरात असंच झालं होतं! वेगवेगळ्या घरांतल्या वेगवेगळ्या खुर्च्या एकाच बाजूला कलतात, याचा अर्थ एकच. इमारत कलली आहे.

सेक्रेटरींना लेखी कळवलं.

९ मार्च, रविवार

इमारतीत घबराट. तळमजल्यावरच्या मावशींनी दोन दिवसांपूर्वीच सामान बांधून बहिणीचं घर गाठलं. आज इंजिनिअर आला. पाण्याची नळी लावून सगळ्या फरशांची पातळी पाहिली. म्हणाला, इमारत सरळ आहे, जो कलला असेल त्याला डॉक्टरकडे न्या. सगळे माझ्याकडे बघून हसले. मी त्याला दुसऱ्या मजल्यावरच्या खुर्चीत बसायला सांगितलं. तो बसला, उठला, खुर्ची उलटी केली आणि म्हणाला, अहो, हिचा पाय आखूड आहे.

एका खुर्चीचा पाय पाहिला आणि चालला! बाकीच्या पाहायची तसदी घेतली नाही. अशा लोकांना पदव्या मिळतात आणि मी तिसऱ्या वर्षात अडकतो.

दादाने जेवताना टाइल्सचा कॅटलॉग माझ्या ताटाशेजारी ठेवला.

१५ मार्च

मॅडम पुढच्या शनिवारी येणार. वेळापत्रक काढून फलकावर लावलं: आधी तिसरा मजला, शिवणवाल्या काकू. मग चौथा, चष्मेवाले काका. मध्ये पंधरा मिनिटं आमच्याकडे चहा. वहिनी म्हणाली, पंधराची तीस करा ना भाऊजी, लोकांना तयारी करायला वेळ नको का. म्हटलं, संशोधन तुझ्या सोयीने चालत नाही.

नेमणूक झाली की कोणता शर्ट घालायचा ते ठरवलं. इस्त्री बाहेरून करून आणणार.

२२ मार्च, शनिवार

जे झालं ते तटस्थपणे लिहितो.

मॅडम वेळेवर आल्या. काकूंच्या घरात निळ्या खुर्चीत बसल्या. मी सिद्धांत मांडला. त्या ऐकत होत्या, डोळे मात्र कोपऱ्यातल्या चादरीवर. काकू म्हणाल्या, तिथे काही नाही हो, शिवणाचं मशीन आहे, बरं दिसत नाही म्हणून झाकलं. मॅडमनी विचारलं, तुम्ही दिवसभर कुठे बसता? काकू म्हणाल्या, मशीनवरच. ती खुर्ची... आणि चादर सारखी करायला लागल्या.

नंतर आमच्याकडे पहिल्या मजल्यावर चहा ठरला होता. निम्म्या जिन्यात मॅडम म्हणाल्या, चहा नको, वरच जाऊ. वहिनी खालून ओरडली, आधी चहा घ्या, निवतोय! मॅडम वळल्यादेखील. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या वळणावर समोर खुर्ची. उलटी. तिच्याखाली एका बाजूने वॉचमन, दुसऱ्या बाजूने चष्मेवाले काका, डोकं गादीत. वॉचमन मला न बघताच म्हणाला, जरा भिंतीला चिकटून उभे राहा, सर्व्हेची खुर्ची चाललीय.

मॅडमनी ती तिथेच खाली ठेवायला लावली. रुमाल जिन्यात पडला होता. डाव्या हातावर इस्त्रीचा तिकोनी डाग.

मी तो ओळखला.

यावर माझं म्हणणं असं की अभ्यासकाने स्वतःच्या घराकडेही परक्यासारखं बघायला शिकलं पाहिजे. मी ते इतकं शिकलो होतो की घरची खुर्ची ओळखू आली नाही.

मॅडम वळणावरच खुर्चीत बसल्या. दारं उघडली, सगळ्या बायका पायऱ्यांवर येऊन बसल्या, चहाही तिथेच आला. मॅडमनी विचारलं, ही कल्पना कोणाची? सगळ्यांनी वहिनीकडे बोट दाखवलं. वहिनी हात पुसत म्हणाली, भाऊजींना कोणी घरात घेईना. जो तो म्हणे, आमचं घर काय लिहून नेण्यासारखं आहे? म्हटलं, आमची खुर्ची न्या, तिच्यात बसवा त्यांना. एकदा खुर्चीत बसले की आजूबाजूचं काही बघत नाहीत ते.

हे वाक्य माझ्या बाजूचं की विरुद्ध, ते अजून ठरवता आलेलं नाही.

काकू म्हणाल्या, राहतो आम्ही कसेही, पण कोणी लिहून नेणार म्हटल्यावर जरा बरं दिसायला नको का? मॅडम खूप हसल्या. मग हसणं थांबलं. म्हणाल्या, तीस वर्षं मी लोकांच्या बैठकीच्या खोल्या मोजतेय. सर्व्हे म्हटलं की बातमी आमच्या आधी पोचते. किती घरांत मला अशीच खुर्ची दाखवली असेल, कोण जाणे. तेव्हा काकूंनी त्यांचा चहा बदलून आणला.

दोन तास लिहीत होत्या. मी त्यांची पिशवी धरून उभा होतो. दिवसाचं वेळापत्रक पूर्ण कोलमडलं.

जाताना मला म्हणाल्या, मी न सांगता जा म्हटलं होतं. मी म्हटलं, हो, पण त्याने हे सापडलं नसतं. त्या थांबल्या. म्हणाल्या, तेही खरंच.

आशा आहे.

२८ मार्च, शुक्रवार

मॅडमचा फोन! पुसलेल्या हातांनी वहिनीने घेतला. आधी तिच्याशीच बोलल्या, बराच वेळ. मग मला दिला. विभागात घरांवरचं प्रदर्शन भरतंय. म्हणाल्या, निवड झाली.

मी आभार मानायला सुरुवात केली. त्या म्हणाल्या, खुर्चीची.

सहायकाची जागा एका पदवीधर मुलीला दिली. पण प्रदर्शन वीस एप्रिलपर्यंत आहे आणि खुर्चीजवळ कोणीतरी लागेल, लोक बसतात म्हणून. येणार का? म्हटलं, वेळ काढतो. दादाने मित्राला फोन केला: एकवीसपासून येईल तो, वीसपर्यंत सरकारी कामात आहे. दादाला थट्टा कुठे करावी कळत नाही. पण नंतर खुर्ची टेम्पोत चढवायला तोच आला, आणि पाय भिंतीला लागू नये म्हणून खाली पुठ्ठा धरून चालला.

१ एप्रिल, मंगळवार

आज विभागात रुजू झालो.

खुर्ची दालनाच्या मधोमध, चौथऱ्यावर, वर दिवा. रुमाल काढलाय, डाग नीट दिसतो. पाय तसाच ठेवलाय. शेजारी पाटी: 'पाहुण्यांची खुर्ची. एकाच इमारतीतील सर्व कुटुंबांच्या बैठकीच्या खोलीतून.' पाटी दोनदा तपासली. एकही चूक नाही.

माझं काम: कोणी बसणार नाही हे बघायचं. कोणी बसलं नाही. दोघांनी स्वच्छतागृह विचारलं.

दुपारी सगळी इमारत आली, शिवणवाल्या काकू सर्वांत पुढे. खुर्चीभोवती फिरल्या, गादीवरची धूळ पदराने झटकली. मी म्हटलं, हात लावायला परवानगी नाही. त्या म्हणाल्या, अरे चल, माझ्याकडे राहून गेलीय ती. वहिनीने डबा दिला. म्हणाली, सकाळपासून उभे आहात का? म्हटलं, नाही, स्टूल आहे.

स्टूल शिपायाचं निघालं. पाच वाजता तो घेऊन गेला. सात वाजेपर्यंत उभा होतो.

खुर्ची समोरच होती.