थॉर्नबेकच्या दोन खुर्च्या आणि न दिलेली पेनल्टी

मी, नील एन्टविसल, वय सेहेचाळीस, इतिहासाचा शिक्षक, राहणार बॉबिन लेन, थॉर्नबेक, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. माझी बुद्धी शाबूत आहे; ती तशी राहावी म्हणून मुद्दाम सामना नसलेला दिवस निवडला आहे.

१. मी अविवाहित आहे. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक धाकटी बहीण कर्स्टी हिला मिळावी. या मृत्युपत्राची व्यवस्थापकही तीच. घराचं मागचं दार पावसाळी हवेत फुगतं. ते खालून लाथ मारून उघडावं.

२. पुस्तकं शाळेला द्यावीत. दिवंगत बाबांनी टेपवर भरून ठेवलेले सामने कुणालाही देऊ नयेत. त्यांत आपल्या क्लबवर झालेले अन्याय तेवढे राखले आहेत. आपल्याला फुकटात मिळालेले गोल बाबांनी पुसून टाकले.

३. थॉर्नबेक टाऊन या आपल्या फुटबॉल क्लबच्या पूर्व स्टँडमधल्या दोन शेजारच्या खुर्च्या, माझी आणि बाबांची, क्लबच्या नियमाप्रमाणे घरातच राहतात. दोन्ही कर्स्टीला द्याव्यात. यावर स्टँडमध्ये आरडाओरडा होणार, म्हणून कारण लिहितो.

कर्स्टी पंच आहे. पंचाला आपला क्लब कोणता ते आधी जाहीर करावं लागतं, आणि त्या क्लबचे सामने त्याला मिळत नाहीत. तिने थॉर्नबेक टाऊन लिहिलं. बाबा वैतागले होते. जगात एकच प्रामाणिक पंच, आणि नेमका तोच आपल्याला मिळायचा नाही, असं ते भेटेल त्याला सांगत.

गेल्या मोसमाच्या शेवटच्या दिवशी आपला सामना बरोबरीत संपला. आपण वरच्या विभागात टिकणार की नाही, ते दुसरीकडे ठरत होतं. एका मोठ्या क्लबने आपल्यासारख्याच तळाच्या हॅडलो क्लबला हरवलं असतं तर आपण वाचलो असतो. तिथे कर्स्टी राखीव पंच होती. मुख्य पंचाची पोटरी धरली आणि मध्यंतरानंतर शिट्टी तिच्या हातात आली. अगदी शेवटी हॅडलोच्या गोलसमोर चेंडू त्यांच्या बचावपटूला लागला. हाताला लागला म्हणत सगळ्या मैदानाने पेनल्टी मागितली. तिने नाही म्हणून मान हलवली. बरोबरी झाली. हॅडलो टिकलं, आपण खाली गेलो.

मोठ्यांना पंच झुकतं माप देतात म्हणून जन्मभर बोंबलणारा आपला स्टँड त्या दिवशी रेडिओला कान लावून त्याच झुकत्या मापासाठी देवाचा धावा करत होता. शेजारी बसणारे बाबांचे दोस्त क्लिफकाका ऑर्मरॉड म्हणाले, "एरवी मागायच्या आत देतात. आजच काय धाड भरली?" मग रेडिओवर पंचाचं नाव आलं.

संध्याकाळी पबमध्ये ते म्हणाले, घरची पोर असून तिला एवढं जमू नये? मी विचारलं, तिने ती दिली असती तर आपण पुढे कोणत्या तोंडाने बोललो असतो? ते म्हणाले, बोलायची गरजच पडली नसती, आपण वरच असतो.

कर्स्टी तेव्हापासून गावात आलेली नाही. नाताळलाही नाही. "नीलदादा, ऑपरेशनला येईन," ती फोनवर म्हणाली. "पण त्या खुर्चीत बसून पाठीमागून शिव्या नाही ऐकणार."

४. तो प्रसंग मी सगळ्या बाजूंनी पाहिला आहे. गोलमागून हात वाटतो, बाजूने खांदा दिसतो. मी मनातल्या मनात शर्टांचे रंग बदलून पाहिले. तोच चेंडू आपल्या बचावपटूला लागला असता, तर मी खांदाच म्हटलं असतं. मोठ्यांना झुकतं माप मिळत नाही, असं माझं म्हणणं नाही. मिळतं. एवढा गलका झाला की कुणाचाही हात शिट्टीकडे जाईल. तिचा गेला नाही. निर्णय बरोबर होता. हे मी बहिणीखातर म्हणतो आहे का, असंही स्वतःला विचारलं. पुन्हा पाहिलं, तरी खांदाच.

५. मी वाचलो, तर बाबांची खुर्ची याच मोसमापासून तिची. मध्यंतराआधी कुणीही तिच्याशी त्या पेनल्टीबद्दल बोलू नये.

६. बाबांचा सामन्यात वाजवायचा लाकडी खुळखुळा क्लिफकाकांना द्यायचा होता. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, आणि वरच्या मजकुराखाली मला त्यांचीच सही हवी आहे. त्यांनी तिला शेजारी बसवून घेतलं, तर बाकीचे गप्प राहतील. म्हणून खुळखुळाही कर्स्टीला.

हे त्यांना वाचून दाखवल्यावर त्यांनी खुळखुळा हातात घेतला आणि परत टेबलावर ठेवला. साक्षीदाराला मजकूर पटायची गरज नसते, असं मी सांगितलं. तरी त्यांच्या आग्रहावरून त्यांचं म्हणणं इथे नोंदवतो.

"हात होता, मास्तर. पेनल्टी होती. लिहिलंस?"

"लिहिलं. सही करणार ना?"

"करतो. आणि तिला कळव, तुझ्या बापाच्या खुर्चीवरचं छप्पर गळतं. येताना टोपी आण म्हणावं."

हे सगळं माझ्या इच्छेप्रमाणे लिहिलं आहे आणि दोन्ही साक्षीदारांदेखत सही करतो आहे.

सही: नील एन्टविसल
साक्षीदार: १. क्लिफर्ड ऑर्मरॉड २. ब्रेंडा ऑर्मरॉड (त्यांची पत्नी)
थॉर्नबेक, मंगळवार, १६ जानेवारी